दोघींच्या वेळा, एकच काटा

लंडन, ऑन्टारिओ
८ सप्टेंबर २०२४

प्रिय यामिनीताई,

सप्रेम नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. तुला पत्र लिहून वीस वर्षं तरी झाली असतील. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

काम आहे. कस्तुरीची रेसिडेन्सी जूनमध्ये संपते. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पाच वर्षं काढली पोरीनं, आता पक्की डॉक्टर होईल. तिला मी काहीतरी कायम राहील असं देणार आहे. तिला घड्याळांचं वेड लागलंय आणि ते कुणी लावलं हे मी सांगायला नको. दर रविवारी फोन केला की ती तुझ्याकडेच असते. मावशीनं आज हे घड्याळ उघडलं, मावशीनं ते स्प्रिंग दाखवलं, मावशीनं वरणफळं केली. माझी तब्येत ती शेवटी विचारते, बूट घालता घालता. मी तक्रार करत नाही. तुम्ही एका गावात आहात, मी दीड हजार किलोमीटरवर. शिवाय दिलीपभावजी गेल्यापासून तू एकटी आहेस, तुलाही सोबत होते. पण तिची आई मी आहे, एवढं मला मधूनमधून आठवावं लागतं, ते बरं वाटत नाही.

तर मी इथल्या डाउनटाउनमधल्या एका दुकानात गेले आणि क्रोनोग्राफ दाखवा म्हणाले. तो मुलगा म्हणाला, कुठल्या प्रकारचा? मला वाटलं होतं क्रोनोग्राफ म्हणजे क्रोनोग्राफ. आपल्या मैदानावरच्या वझलवार सरांच्या हातात असायचा तसा, बाजूला दोन बटणं आणि मधे लांब काटा. लायब्ररीत तीस वर्षं लोकांना माहिती शोधून दिली आणि साधं घड्याळ विकत घेताना वाचा बसली.

तुला त्यातलं सगळं येतं. मला प्रकार समजावून सांग, माझ्यासारखीला कळेल असं. आणि कस्तुरीला यातलं काही बोलू नकोस. तू स्वतः तिला काही द्यायच्या विचारात असशील तर आधी मला सांग. दोन घड्याळं नकोत.

तुझी,
उमा


हॅलिफॅक्स
२१ सप्टेंबर २०२४

चि. उमास अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळत सुटलेलं. पत्र पाहून बरं वाटलं. माझा पत्ता तुला पाठ आहे हेही कळलं.

आता तुझी शिकवणी. पहिली गोष्ट, क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ यांत गोंधळ करू नकोस. दुकानदारसुद्धा करतात. क्रोनोमीटर म्हणजे बिनचूक चालतं अशी परीक्षा पास झालेलं घड्याळ. क्रोनोग्राफ म्हणजे ज्या घड्याळाच्या पोटात स्टॉपवॉचही बसवलंय ते. वेळ दाखवणं वेगळं आणि वेळ मोजणं वेगळं.

सगळ्यात साधा प्रकार दोन बटणांचा. वरचं दाबलं की लांब काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. लहान तबकड्यांमध्ये मिनिटं आणि तास साठत जातात. सरांचं घड्याळ याच जातीचं होतं. अजूनही जगात जास्त करून हाच विकला जातो.

त्याच्याही आधीचा एका बटणाचा. चालू, बंद, शून्य, सगळं त्याच बटणावर आणि त्याच क्रमानं. थांबवलेला काटा पुन्हा पुढे चालवता येत नाही. जुन्या माणसांना आवडतो, दिसायला देखणा असतो, महाग पडतो.

तिसरा फ्लायबॅक. काटा पळत असतानाच खालचं बटण दाबायचं. तो उडी मारून शून्यावर येतो आणि न थांबता पुन्हा पळायला लागतो. वैमानिकांसाठी निघाला. इतके सेकंद सरळ, मग वळायचं, मग लगेच पुढचे इतके सेकंद, अशा हिशोबानं विमान चालवायचे तेव्हा तीनदा बटण दाबायला फुरसत नसायची.

मग कडेच्या आकड्यांवरून प्रकार पडतात. टॅकीमीटर असेल तर एक किलोमीटर जायला लागलेल्या सेकंदांवरून गाडीचा वेग कळतो. टेलिमीटर असेल तर वीज चमकली की बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की थांबवायचं, वीज किती दूर पडली ते कळतं. डॉक्टरांसाठी पल्सोमीटर असतो. बटण दाबून नाडीचे पंधरा ठोके मोजायचे, पंधराव्याला पुन्हा दाबायचं, काटा ज्या आकड्यावर उभा राहील तेवढे ठोके दर मिनिटाला. गुणाकार नको. पण कस्तुरीला त्याचा उपयोग नाही, त्यांच्याकडे सगळं मशीन सांगतं. तिच्यासाठी चांगलं साधं दोन बटणांचं घे. चावीचं घे, बॅटरीचं नको. विकत घ्यायच्या आधी बटण दाबून पाहा. चांगल्या घड्याळाचं बटण लोण्यात सुरी जावी तसं जातं, हलक्याचं अडखळतं आणि मग एकदम बसतं.

झाले सगळे प्रकार. तुला आधी सांगायचं म्हणतेस, तर माझ्या मनात तिला काही द्यायचं नाही. निर्धास्त राहा.

गुडघा थंडी पडायच्या आधीच बोलायला लागलाय. विंटर टायर यंदा कस्तुरीच बदलून आणणार म्हणाली.

तुझी,
यामिनीताई


लंडन
६ ऑक्टोबर २०२४

यामिनीताई,

पत्र मिळालं. इतकं छान समजावलंस की दोनदा वाचलं. आता मला काय समजलं ते सांगते.

गेल्या रविवारी कस्तुरीचा व्हिडिओ कॉल आला. ती चहा ओतत होती. मनगटावर पांढऱ्या तबकडीचं जुनं घड्याळ होतं, कडेला बारीक लाल आकडे. मी म्हटलं, हे कुठलं? ती म्हणाली, "ओह, दिस इज मावशीज. शी गेव्ह इट टू मी इन एप्रिल. इट्स अ डॉक्टर्स क्रोनोग्राफ, आई, यू कॅन रीड द पल्स." एप्रिलमध्ये. आणि तू सप्टेंबरात मला लिहितेस, तिला पल्सोमीटरचा उपयोग नाही, माझ्या मनात काही द्यायचं नाही. देऊन झालं होतं म्हणून मनात नव्हतं, असंच ना?

तिच्यासमोर छान आहे म्हणाले. कॉल बंद झाल्यावर बेसमेंटमध्ये जाऊन कपडे घड्या करत बसले, ते पुन्हा उलगडून पुन्हा घड्या केल्या. पासष्ट वर्षांच्या बाईनं एका घड्याळावरून इतकं जळावं याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू, जळले. तू नेहमी माझ्याआधी पोचतेस. कॅनडात तू आधी, नोकरीत तू आधी, आता माझ्या मुलीच्या मनगटावर पण.

दुसरी गोष्ट. मी मंगळवारी पुन्हा त्या दुकानात गेले. या वेळी मागच्या खोलीत दुरुस्तीला बसणारे म्हातारे गृहस्थ बाहेर आले. मी तुझे सगळे प्रकार त्यांना धडाधड म्हणून दाखवले. ते खूश झाले आणि म्हणाले, एक राहिला. मग त्यांनी एक घड्याळ आणून दाखवलं. त्यात लांब काटे दोन, एकावर एक असे की एकच वाटावा. सुरू केलं की दोन्ही बरोबर पळतात. तिसरं बटण दाबलं की एक थांबतो आणि दुसरा पळतच राहतो. ते म्हणाले, दोन धावपटूंच्या वेळा एकाच घड्याळावर घ्यायच्या तर हेच लागतं, साध्यावर एकाचीच घेता येते.

हा प्रकार तू लिहिलाच नाहीस. तू, जी भाजीत मोहरी किती घालायची तेही मोजून सांगतेस.

मला लगेच आपलं मैदान आठवलं. एकोणऐंशी साल, युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड, आठशे मीटर. दोन मिनिटं चोवीस सेकंदांच्या आत येईल तिला घेणार होते. सुरुची पहिली, मी दुसरी. तुझ्या हातात सरांचं घड्याळ. आणि तुझ्या अक्षरातला तो कागद, सुरुची २ मिनिटं १९.४, उमा २ मिनिटं २४.६. सरांचं घड्याळ साधं होतं असं तूच लिहितेस. मग दोन वेळा कशा घेतल्यास?

उमा


हॅलिफॅक्स
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय उमा,

ते घड्याळ मी तिला वापरायला दिलं आहे, भेट म्हणून नाही. तिला तसं वाटलं असेल तर माझी चूक. तुला लिहायला हवं होतं, राहून गेलं.

दोन काट्यांचा प्रकार फार महाग असतो आणि दुरुस्तीला अवघड, तुझ्या उपयोगाचा नव्हता म्हणून लिहिला नाही. त्यात दुसरं काही नाही.

सरांकडे बहुधा आणखी एक घड्याळ असावं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं. तू घड्याळ घे, कस्तुरीला आवडेल. थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड आहे, बंदरावरून बोचरा वारा येतोय, बाहेर जाववत नाही.

तुझी,
यामिनीताई


लंडन
२४ ऑक्टोबर २०२४

यामिनीताई,

मला आठवतं. तुला सांगते काय आठवतं ते.

शेवटच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं होतं. तिसरी मुलगी किती जवळ आलीय ते बघायला, अर्धा क्षण. सर नेहमी ओरडायचे, मागे बघू नको म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी तू कागद दाखवलास आणि मी मनात म्हटलं, सहा दशांश सेकंद, त्या मागे बघण्यात गेले. त्यानंतर मी पळायचे खिळ्यांचे बूट, ते स्पाइक्स, पुन्हा घातले नाहीत. माझे बाबा म्हणाले, झालं तेवढं पुरे, आता अभ्यासाला लाग, आणि मी वाद घातला नाही, कारण माझ्या हातूनच गेलं होतं. इथे आल्यावर, लग्न झाल्यावर, कस्तुरी झाल्यावरही कुठे काही हुकलं की मला ते वळण आठवायचं. माझा स्वभावच तसा, शेवटच्या वळणावर कच खाणारा, असं मी धरून चालले.

म्हणून मी सुरुचीला फोन केला. ती नागपूरलाच आहे, शाळेची मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. खूप गप्पा मारल्या. मग मी हळूच विचारलं की त्या दिवशी घड्याळं किती होती. ती म्हणाली एकच. सर सुरुवातीच्या रेषेवर झेंडा घेऊन होते आणि त्यांचं घड्याळ यामिनीकडे होतं. ती पुढे म्हणाली, "मी धापा टाकत यामिनीकडे गेले. तिनं घड्याळ माझ्यासमोर धरलं. काटा थांबला होता, चार दशांशावर. तो आकडा मी जन्मभर सांगत आले गं."

काटा तिच्या वेळेवर थांबला होता, ताई. मग माझी वेळ कुठून आली?

या वेळी वारा आणि बंदर लिहू नकोस.

उमा


हॅलिफॅक्स
३ नोव्हेंबर २०२४

उमे,

तीन दिवस लिहितेय आणि फाडतेय. हे फाडणार नाही.

तुझी वेळ मी घेतली नाही. ती मी लिहिली.

सर मला म्हणाले होते, सुरुची तर टीममध्ये आलीच, तिचं मला बघायचं नाही, तू फक्त उमावर लक्ष ठेव, तिची वेळ नीट घे. एवढंच काम होतं. झेंडा पडला, मी बटण दाबलं. तुम्ही दोघी शेवटच्या सरळ पट्टीत आलात. सुरुची रेषेवर आली आणि माझ्या बोटानं बटण दाबलं. मी ठरवून दाबलं नाही. जी पहिली येते तिच्यावर दाबायची सवय होती. काटा थांबला आणि तू अजून पळत होतीस. मला कळलं काय झालं ते. तेव्हाच पुन्हा वरचं बटण दाबलं असतं तर काटा पुढे निघाला असता, एखाद्या सेकंदाची तूट मी सरांना सांगितली असती. मी नाही दाबलं. तू रेषा ओलांडलीस आणि माझ्या हातात सुरुचीचीच वेळ होती. इथपर्यंत चूक होती. चूक म्हणून ती मी कुणालाही सांगू शकले असते.

सर पॅड घेऊन आले. म्हणाले, लिही. मी सुरुचीचं लिहिलं. मग म्हणाले, उमा?

त्या वेळी मी कुंपणाकडे पाहिलं. माझे बाबा तिथे सायकल धरून उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. तुझ्यासाठी. उमे, मी चार वर्षं पळत होते. अमरावतीच्या मीटमध्ये पहिली आले तेव्हा त्यांना ऑफिसमधून सुटी मिळाली नाही. गुडघा गेला तेव्हा म्हणाले, बरं झालं, नाद सुटला. माझे स्पाइक्स तुला दिले, ते मला न विचारता. आणि तुझ्या चाचणीला अर्धा दिवस रजा टाकून सायकल मारत आले. त्यांना वाटलं असेल भावाची मुलगी आहे, कौतुक करावं. मला काय वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, दिलीपलाही नाही.

मी २ मिनिटं २४.६ लिहिलं. आकडा निवडला. सव्वीस किंवा सत्तावीस लिहिलं असतं तर सरांना शंका आली असती, ते तुला रोज पळताना बघत होते. थोडक्यात गेलं असं दिसायला हवं होतं. ते घड्याळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मोजायचं, म्हणून दशांश सम घेतला. इतका विचार मी सरांनी विचारल्यापासून लिहीपर्यंतच्या वेळात केला.

तुझी खरी वेळ मला माहीत नाही. सुरुचीनंतर साडेचार सेकंदांत आली असशील तर तू टीममध्ये होतीस. मी पुष्कळदा डोळे मिटून मोजून बघितलंय. कधी चार येतात, कधी सहा. नंतर जहाजांवरची मापनयंत्रं तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली, माझ्या सहीशिवाय एकही यंत्र बाहेर जात नसे. एक वेळ मात्र मोजता आली नाही ती नाहीच.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, थोडक्यात हुकलं बिचारीचं. त्यांना तुझंच वाईट वाटलं. माझ्या हाती काहीच आलं नाही.

आता एप्रिलचं. घड्याळ मी कस्तुरीला दिलंच होतं, वापरायला नव्हे. ती बोलता बोलता म्हणाली होती की आई रेसिडेन्सी संपल्यावर काहीतरी खास देणार आहे. ते ऐकलं आणि पुढच्या रविवारी मी ते घड्याळ काढून तिच्या हातात घातलं. तुझ्याआधी. मला मूल नाही, उमा. हे कारण म्हणून लिहीत नाही, तसं आहे म्हणून लिहितेय. तुझं पत्र आलं तेव्हा तुला सगळे प्रकार लिहायला बसले आणि त्या एका प्रकारापाशी हात थांबला. तू ओळखशील असं वाटलं नव्हतं. ओळखलंस ते बरं झालं की नाही, अजून कळत नाही.

तू कस्तुरीला सांगितलंस तर मी अडवू शकत नाही. सांगू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही, पण तसं वाटतं, हेही लपवत नाही.

यामिनी


हॅलिफॅक्स
२२ डिसेंबर २०२४

प्रिय उमा,

टपालाचा संप मिटला. आज पेटीत महिन्याभराचे कागद एकदम आले. बिलं, फ्लायर्स, एक दिवाळी अंक. तुझं पत्र असेल म्हणून दोनदा चाळले. संप सुरू व्हायच्या आधी माझं पत्र तुला पोचलं असेल असं धरून चालले आहे. नसेल पोचलं तर हे पत्र तुला वेड्यासारखं वाटेल.

कस्तुरी नोव्हेंबरच्या शेवटापासून आलेली नाही. आधी शिफ्ट बदलली म्हणाली, मग सर्दी. मागच्या रविवारी मी नुसतं ये म्हणून निरोप ठेवला, त्याला उत्तर नाही. काल कळलं की ती तुझ्याकडे लंडनला गेलीय. बरं झालं. पाच वर्षांत पहिल्यांदाच ख्रिसमसला आईकडे गेली.

तू तिला सांगितलं असावंस. योग्यच केलंस. ती कधी आली तर मी काय बोलावं ते ठरवून ठेवलंय, पण ती येईल असं वाटत नाही.

बर्फ बरंच पडलंय. शेजारचे गृहस्थ माझाही ड्राइव्हवे शोव्हल करून देतात. नवीन वर्ष तुम्हाला सुखाचं जावो.

यामिनी


लंडन
१९ जानेवारी २०२५

यामिनीताई,

तुझं ३ नोव्हेंबरचं पत्र मला बारा तारखेला मिळालं होतं. संपाचं निमित्त माझ्या कामी आलं. नसता संप तरी मी लिहिलं नसतं.

पहिले काही दिवस मी काय केलं ते सांगत नाही. मिलिंदनं विचारलं काय झालं, मी म्हटलं पाठ दुखतेय. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला मी त्या शर्यतीबद्दल कधी सांगितलं नव्हतं, आता कुठून सुरुवात करू. मग एका संध्याकाळी मी कस्तुरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सावकाश, एक शब्दही न वाढवता. तुझं पत्र समोर ठेवून त्यातली वाक्यं वाचून दाखवली. पुढच्या रविवारी मी फोन केला तेव्हा ती तिच्या कॉन्डोत होती. त्याच्या पुढच्याही रविवारी. मग म्हणाली, ख्रिसमसला घरी येते.

ताई, मला इतका आनंद झाला. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. मी दोन वेळा ग्रोसरीला गेले. तिच्यासाठी गोळाभात केला, चिंचेचं सार केलं, तिची खोली रंगवून घेतली. ती दहा दिवस राहिली. दहाही दिवस तिनं तुझं नाव काढलं नाही आणि मी मनात दिवस मोजत होते. मनगट मोकळं होतं ते मी पहिल्या मिनिटाला पाहिलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. तिनं फावडं बर्फात रोवलं आणि विचारलं, "आई, डिड यू टेल मी सो आय वुड नो? ऑर सो आय वुड स्टॉप गोइंग?"

मी म्हटलं, तुला माहीत असावं म्हणून.

ती ओके म्हणाली आणि पुन्हा बर्फ उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी मिलिंद तिला विमानतळावर सोडून आला. मी तिच्या खोलीत चादर काढायला गेले आणि तिथेच बसून राहिले. तू लिहिलं होतंस की सरांनी विचारल्यापासून लिहीपर्यंत तू विचार केलास. मी तर आठ दिवस विचार केला होता. कोणती वाक्यं वाचायची, कोणत्या क्रमानं, कुठे थांबायचं. मोठे काका टाळ्या वाजवत होते तो भाग मी वाचलाच नव्हता. तुला मूल नाही तो भागही नाही. मी सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि तरी ते तू लिहिलेल्या आकड्यासारखंच होतं. तुझं पत्र मला तोपर्यंत नुसतं वाचता आलं होतं. त्या दिवशी ते समजलं, आणि समजलं म्हणून तुझा राग कमी झाला असं नाही. उलट स्वतःचाही आला.

मी तिला फोन केला. म्हटलं, काल खोटं बोलले. तू जाणं थांबवावंस म्हणून सांगितलं. मग गाळलेले दोन्ही भाग वाचून दाखवले. ती मग मराठीत म्हणाली, "मला माहीत होतं आई. पण तू सांगितलंस ते बरं झालं." ती तुझ्याकडे येईल की नाही, ते मी विचारलं नाही. तिला मी जा म्हणणार नाही आणि नको जाऊस असंही म्हणणार नाही. तेवढं मला जमेल.

मी तुला माफ केलेलं नाही. तसं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण आपण दोघींनी आता खरं तेच लिहायचं असं दिसतंय. मला रोज सकाळी राग येतो, दात घासताना येतो. तू माझी शर्यत नेलीस त्याचा कमी येतो. वळणावर मी मागे बघितलं म्हणून मी इतकी वर्षं स्वतःला कच्ची समजत आले, त्याचा जास्त येतो. मी साडेचार सेकंदांत आलेही असेन, नसेनही. सुरुचीला पुन्हा फोन करून विचारलं, ती म्हणाली, मला मागचं काही ऐकू येत नव्हतं गं. मग आम्ही दोघी हसलो आणि मला एकदम रडू आलं. आता ते कधीच कळणार नाही, आणि हे ज्या एका माणसाला माझ्याइतकं समजेल ते माणूस तू आहेस. ही काय गंमत म्हणायची.

मोठ्या काकांबद्दल एक सांगायचं आहे, तुला माहीत नसावं. त्या दिवशी मैदानावरून परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. मी रडत होते. ते म्हणाले, यामिनीचं अमरावतीचं बघायला मी गेलो नाही, ते मला फार लागून राहिलंय, म्हणून आज आलो. मला त्या वेळी ते आवडलं नव्हतं. वाटलं, माझ्या शर्यतीलासुद्धा हे तुझ्यासाठीच आले. म्हणून मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझं काय झालं असतं ते आता कोण सांगणार.

फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला मी हॅलिफॅक्सला येतेय. तिकीट काढलंय, शुक्रवारी दुपारी तीनला विमान पोचतं. उतरायची कस्तुरीकडेच, तिला कळवलंय. पण न्यायला तू ये. तिला सुटी असली तरी तूच ये. विमानतळापासून गावापर्यंत पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात म्हणे. माझं बोलणं तेवढ्यात आटपणार नाही. तिचं घर आलं तरी थांबू नकोस, गाडी तशीच पुढे घे.

उमा